आमटी खारट झाली, तरी घरात कुणी काही बोललं नाही

शिवणवाली_अंबाजोगाई

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहायलेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ४३ वर्षांची. अंबाजोगाईत राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस, फॉल-पिको. चार वर्षांपासून मला आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा आणि हा वेगळा. ह्यात शरीराची राखण करणारी ताकदच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि सांधे सुजतात. माझं दोन्ही हातांच्या बोटांपासून सुरू झालं. पहिले सात महिने चिकनगुन्याचं राहिलेलं दुखणं म्हणून गोळ्या खाल्ल्या. मग लातूरला सांध्यांच्या डॉक्टरांनी अँटी सीसीपी नावाची रक्ताची तपासणी करायला लावली, तेव्हा कुठं आजाराचं नाव कळलं.

आता औषध लागू पडलंय. आधी सकाळी उठल्यावर बोटं वळायला दोन-दोन तास जायचे, आता पाऊण तासात हात मोकळा होतो. म्हणून औषधाबद्दल मला काही विचारायचं नाही. विचारायचंय ते घरातल्या माणसांबद्दल.

गेल्या गुरुवारची गोष्ट सांगते. येसराची आमटी केली होती. बुधवारी रात्री माझी आठवड्याची गोळी असते आणि गुरुवारी दिवसभर डोकं जड राहतं, मळमळतं. त्या नादात मीठ दोनदा पडलं. मला कळलं नाही. सासूबाई, हे आणि नववीतला मुलगा असे तिघं जेवायला बसले. मोठी मुलगी बारावीला लातुरात असते. मी वाढत होते. पोरगं एक घास खायचं की पाणी प्यायचं. तांब्या संपला, दुसरा भरून आणला. ह्यांनी भाकरी आमटीत कुस्करली होती, ती तशीच सगळी संपवली. सासूबाईंनी वाटी पुसून घेतली. कुणी एक शब्द बोललं नाही.

मी मागून बसले. पहिला घास तोंडात धरवेना.

म्हटलं, "अवं, आमटी खारट झालीय, सांगायचं नाही का?"

हे म्हणाले, "चालतंय की. एवढी काय नाही."

आणि सासूबाई म्हणाल्या, "असू दे माय. हात दुखत असताना केलीस, तेच लई झालं."

ह्याच माझ्या सासूबाई. लग्नानंतर पहिल्या वर्षी आमटी जराशी खारट झाली होती तर भरल्या पंगतीत म्हणाल्या होत्या, "ही आमटी म्हशीला पाजली तर म्हैस धनेगावचं धरण आटवून येईल." मी त्या दिवशी रडले होते. पुढं तोच आमच्या घरातला सगळ्यात आवडता किस्सा झाला. नव्या पाहुण्याला तो मीच सांगायची, सासूबाईंचा आवाज काढून.

मला नकला येतात. लहानपणापासून. माप द्यायला आलेल्या बाया तासतास बसायच्या त्या नकलांसाठी. मशीन थांबवून मी बांगड्या भरणाऱ्या मामांची, भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या माझ्या जाऊबाईंची, लग्नात आहेर मोजणाऱ्या काकूंची नक्कल करायची. आता केली की दोन मिनिटं बघतात आणि म्हणतात, "ताई, कशाला त्रास करून घेता, आराम करा." ब्लाउज बिघडला तरी आता कुणी बोलत नाही. परवा एकीच्या बाह्या मी वर-खाली लावल्या होत्या. ती तसाच घेऊन गेली आणि दुसरीकडं उसवून घेतला. मला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं.

घरात मदत सगळे करतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पायाच्या मशीनला ह्यांनी मोटार बसवून दिली, त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भाकरी आता सासूबाई थापतात, कारण ज्वारीचं पीठ तळव्याच्या बुंध्याने दाबून दाबून मळावं लागतं, नाहीतर भाकरी चिरते, आणि तो दाब माझं मनगट सोसत नाही. हुक-काजाला शेजारची मुलगी येते. नळाची तोटी बदलून दांडीची बसवली. सगळं केलंय त्यांनी.

पण घर शांत झालंय. मी खोलीत आले की आवाज खाली येतात. पोरगं आजीशी मस्ती करत असतं, मला बघितलं की पुस्तक उघडतं. दुखणं मला सहन होतं, ही शांतता सहन होत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय का? माणसांनी पुन्हा माझी थट्टा करावी, मला नावं ठेवावीत, खारटाला खारट म्हणावं, ह्यासाठी काय करता येतं?

---

औषधवाला_परभणी

ताई, मुख्य प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, ते अनुभवी लोक देतील. पण बुधवारची गोळी वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ती मेथोट्रेक्सेट असणार. माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्तपेशी उतरतात, तोंड सोलून निघतं, जिवावर बेतू शकतं. तुम्हाला हे माहीत असणारच, पण घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. डोकं जड असलेल्या दिवशी आपणच "कालची घेतली का नाही" म्हणून परत घेऊन बसतो. कॅलेंडरवर बुधवारी गोल करायचा आणि गोळी घेतली की फुली मारायची. हे काम मुलाकडं द्या.

दुसरं असं की ही गोळी अडीच, पाच, साडेसात, दहा मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दरवेळी पाकिटावरचा आकडा बघूनच घ्या. रंगावर जाऊ नका. फॉलिक ॲसिड दिलं असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. गुरुवारची मळमळ डॉक्टरांना सांगा. खूप पेशंट ती असंच असतं म्हणून सांगतच नाहीत, आणि तिच्यावर उपाय असतो. रक्त आणि लिव्हरची तपासणी चुकवू नका.

आणि गुरुवारी स्वयंपाक दुसऱ्याला करू द्या. बाकी सहा दिवस आहेतच.

---

मालदांडी६०

आंबट बंद करा, वांगं बंद करा, रात्रीचा भात बंद करा. आमच्याकडं एक जण वातावर पुडी देतो, तीन पुड्यांत माणूस पळायला लागतो. पत्ता पाहिजे असेल तर सांगा.

---

औषधवाला_परभणी

काका, राग मानू नका, पण तीन पुड्यांत पळायला लावणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. पळतो खरा माणूस. मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली की अंथरुणातून उठवत नाही. माझ्या दुकानात अशी माणसं दर महिन्याला येतात. ताईंचं औषध लागू पडलंय, त्यांना त्या वाटेला लावू नका.

---

शिवणवाली_अंबाजोगाई

मालदांडी काका, तुम्ही मनापासून सांगितलंत, तुमचे आभार. पण मी पुडी घेणार नाही. पहिल्या सात महिन्यांत तेही करून झालंय. वांगं डॉक्टरांनी खाऊ दिलंय आणि आमच्या सासूबाईंच्या हातचं भरलं वांगं सोडायची माझी तयारी नाही.

परभणीचे दादा, गोल आणि फुलीचं पोराला सांगितलं. त्याने लगेच पुढच्या सहा महिन्यांचे बुधवार लाल पेनाने गोल केले.

---

गोदाकाठ_नांदेड

ताई, तुमचं वाचून मी कालपासून विचार करतोय. मी ५१ वर्षांचा. नांदेडला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, आता भाऊ बघतो. २०१९ पासून माझं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. सुरुवातीचं एक वर्ष आमच्याही घरात असंच होतं. मी जेवायला बसलो की टीव्ही बंद व्हायचा. का बंद व्हायचा ते देवाला माहीत. डायलिसिसचा आणि टीव्हीचा काय संबंध?

आमच्या घरी कोंडी फुटली ती माझ्या भाचीमुळं. त्यासाठी आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. डायलिसिसला सुया टोचायला मोठी शीर लागते. म्हणून मनगटाजवळची धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोट ठेवलं की सतत थरथर लागते आणि कान लावला की घुं घुं असा आवाज येतो. हा आवाज चालू आहे का ते रोज बघायचं असतं. थांबला तर जोड बुजलाय असं समजून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

तर बहीण दिवाळीला आली होती. भाची तेव्हा पाच वर्षांची. माझ्या मांडीवर बसून खेळता खेळता तिचा कान माझ्या डाव्या हाताला लागला आणि ती ओरडली, "मामा, तुझ्या हातात भुंगा कोंडलाय!" सगळं घर गप्प. बहिणीने तिला ओढायला हात पुढं केला. मी म्हटलं, थांब. आणि भाचीला सांगितलं, "कोंडला नाही, राहायला आलाय. रोज सकाळी उठलाय का बघावं लागतं." त्यानंतर दिवाळीचे आठ दिवस रोज सकाळी ती कान लावायची आणि अख्ख्या घराला ओरडून सांगायची, "भुंगा उठला!" तेव्हा माझी आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

आता भाची गावाला असते, तर सकाळी व्हिडिओ कॉल करून विचारते. माझी बायको आधी त्या हाताकडं बघायची पण नाही. आता रात्री मी झोपलो की तीच हळूच बोट ठेवून बघते. मला कळतं, मी झोपेचं सोंग घेतो.

दवाखान्यात आमची सहा जणांची बॅच आहे. चार तास खुर्चीला खिळलेलो असतो, तेव्हा आम्ही जेवणाच्या गप्पा मारतो. जे खायचं नाही त्याच्याच. आम्हाला पोटॅशियम चालत नाही, म्हणून भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं. केळं बंद, नारळपाणी बंद. माझी सासुरवाडी अर्धापूरकडची, जिकडं तिकडं केळीच्या बागा. सासरे दर वेळी घडाकडं बघतात, माझ्याकडं बघतात आणि घड आत नेऊन ठेवतात. पाणी दिवसभरात एक लिटरच्या आत, तेही नांदेडच्या मे महिन्यात. बर्फाचा खडा चघळला तरी तो पाण्यातच मोजायचा. तर आमच्यातला एक जण, निवृत्त मास्तर, दर शनिवारी एक पदार्थ अगदी पहिल्यापासून करायला घ्यायचे, तोंडाने. आमरस असेल तर आंबा पाण्यात भिजत घालण्यापासून. कुणी मधे "वेलदोडा विसरलात" म्हटलं की पुन्हा मागं जायचे. सिस्टर पण थांबून ऐकायच्या.

मास्तर मागच्या पावसाळ्यात गेले. महिनाभर आमच्यात कुणी पदार्थाचं नाव काढलं नाही. मग एका शनिवारी कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा सगळ्यात तरुण पोरगा, बावीस वर्षांचा, आपणहून म्हणाला, "आज पुरणपोळी. मास्तरांची राहिली होती." त्याला काही येत नव्हतं. डाळ न शिजवताच त्याने पुरण वाटायला घेतलं. आम्ही बाकीचे चौघंही त्याच्यावर तुटून पडलो.

पैशाचं ओझं फुले जनआरोग्य योजनेमुळं माझ्या डोक्यावरून बरंच उतरलं. २०१२ साली जीवनदायी नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचं नांदेड होतं. हे लिहायचं कारण असं की खर्चाची धास्ती असेल तर घरातली माणसं हसायलाही भितात. तुमच्याकडं ते आहे का, एकदा बघा. कधी कधी गप्प बसण्यामागं हिशोब असतो.

---

उदगीरकर

ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी गप्प बसणाऱ्यांपैकी आहे.

माझ्या आईला पार्किन्सन आहे. २०१७ साली कळलं, आता ती ६८ वर्षांची आहे. आधी उजव्या हाताची थरथर, मग चाल लहान झाली, मग अक्षर. वाण्याची यादी लिहायची तर शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर मुंगीएवढं व्हायचं. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. हे मला फार उशिरा कळलं. आई विनोदाला हसायची बंद झाली असं आम्हाला वाटायचं. आम्ही काही बोललो तरी चेहरा तसाच. मग आम्ही बोलणंच सोडलं. वाटायचं, तिच्या जिवावर बेतलंय आणि आपण कसले दात काढतोय.

एकदा माझे चुलते आले होते. ते आईचे दीर, लहानपणापासून तिची टिंगल करणारे. त्यांना आमच्या घरातले नवे नियम माहीत नव्हते. आल्या आल्या त्यांनी आईच्या माहेरावरून सुरू केलं. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो आणि माझी बायको म्हणाली, "आत्यांकडं बघा." आईचा चेहरा दगडासारखा, पण दोन्ही खांदे हलत होते. ती हसत होती. पोटातून हसत होती. चेहऱ्यावर ते पोचत नव्हतं एवढंच. दोन वर्षं आम्ही चुकीच्या जागी बघत होतो.

त्या रात्री मी आईला विचारलं, आम्ही गप्प बसायचो तेव्हा तुला काय वाटायचं? तिचा आवाज आता बारीक झालाय. म्हणाली, "मला वाटलं मी मेले, आणि तुम्ही सांगत नाहीत."

ताई, तुम्ही घरच्यांना एवढंच विचारा की ते का गप्प आहेत. आमच्याकडं भीती होती. आपण हसलो तर तिला वाटेल ह्यांना माझं काहीच नाही. तुमच्याकडं दुसरं काही असेल. पण विचारल्याशिवाय ते आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांना वाटतं ते तुम्हाला जपतायत.

आणखी एक सांगतो, हे ज्यांच्या घरी पार्किन्सन आहे त्यांच्या कामाला येईल. आईचा पाय उंबरठ्यात अडकतो. पुढं टाकायचा असतो पण जमिनीला चिकटल्यासारखा होतो. ओढायचं नाही, पडतात. ठेका दिला तर पाय सुटतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक-दोन, एक-दोन म्हणायला सांगितलं होतं. आईने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, मी काय शाळेत कवायत करायलेय? मग माझ्या मुलीने टाळ काढले. आता आमच्या घरात स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायचं असलं की "ज्ञानबा-तुकाराम, ज्ञानबा-तुकाराम" होतं आणि आई पावली टाकत उंबरठा ओलांडते. शेजाऱ्यांना आधी वाटलं आमच्याकडं रोज भजन असतं.

---

शिवणवाली_अंबाजोगाई

उदगीरकर दादा, तुमच्या आईचं वाक्य वाचून मी मशीन बंद करून बसले. माझ्या आईसारख्या त्या. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी विचारते घरी. रविवारी सगळे असतात.

---

शिवणवाली_अंबाजोगाई

तीन आठवडे झाले. सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगते.

रविवारी संध्याकाळी शेंगा फोडत बसलो होतो. म्हणजे ते तिघं फोडत होते, मी दाणे निवडत होते. मी सरळ म्हटलं, "आमटी खारट होती तर तुम्ही बोलला का नाहीत? मला खरं सांगा."

पोरगं म्हणालं, "पप्पांनी सांगितलंय, आईला काही बोलायचं नाही."

ह्यांनी मान खाली घातली. बराच वेळ शेंगाच फोडत राहिले. मग बोलले. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी एकदा सकाळी न्हाणीत टॉवेल पिळत होते. पिळला जाईना. दोन्ही हातांत धरून, मग गुडघ्यात धरून, मग दाराच्या कडीला अडकवून पिळून बघितला आणि शेवटी तो बादलीत टाकून रडले होते. मला वाटत होतं सगळे झोपलेत. हे दाराबाहेर उभे होते, हातात माझ्यासाठी चहा. आत यावं का जावं कळेना म्हणून चहा ओट्यावर ठेवून दुकानाला निघून गेले. म्हणाले, "त्या दिवसापासनं तुझी थट्टा करायला तोंड उघडत नाही. तो टॉवेल डोळ्यापुढं येतो."

मला तो चहा आठवतोय. गार झाला होता. मी तेव्हा चिडले होते की चहा करून ठेवला आणि हाक पण मारली नाही.

मी काय बोलणार? म्हटलं, रडू आलं तर मी रडणार, आणि तुम्ही आत या. आणि खारटाला खारट म्हणा. दुखलं तर मी सांगेन, तुम्ही आधीच ठरवू नका. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या पुढ्यातलं सूप ओढलं आणि म्हणाल्या, "हे काय निवडलंस? अर्धे खवट दाणे तसेच ठेवलेत." मला एवढं बरं वाटलं!

मग येळवस आली. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. शहरातली माणसं पण त्या दिवशी शेत गाठतात. आमचं मूळ गाव रेणापूर तालुक्यात, शेती दीर बघतात. थंडीमुळं माझी बोटं सकाळी उघडत नव्हती. कोमट पाण्यात धरली, मग निघालो. लातूरहून मुलगी पण आली होती. भज्जीसाठी सगळ्या शेंगा सोलणं आपल्याच्याने होणार नव्हतं, म्हणून आंबील मी घेतली. आदल्या रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवायचं, लसूण, जिरं, मीठ घालायचं आणि मडक्यात भरून ठेवायचं. ढवळायला लाकडी डाव होता. ह्यांनी त्याच्या दांड्याला दुकानातली जाड रबरी नळी बसवून दिली, धरायला सोपं जावं म्हणून. मोटारीच्या वायरीची नळी, धुऊन धुऊन तिचा वास घालवला.

खोपेपुढं तीस-पस्तीस माणसं बसली होती. दीर आंबील वाढत होते. माझ्या मुलाने पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि भरल्या पंगतीत ओरडला, "आई, त्या गुरुवारचं मीठ थोडं राखून ठेवायचं होतंस. आज लागलं असतं!"

मीठच पडलं नव्हतं. एकदा हात पोळला म्हणून मी भीत भीत चिमूटभर घातलं होतं.

पंगत थांबली. जाऊबाईंनी त्याच्याकडं डोळे वटारले. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या पेला खाली ठेवून म्हणाल्या, "म्हैस आटवून आली ते धरण आज हिने आंबिलीत ओतलं." आणि त्या स्वतःच आधी हसल्या, पदर तोंडाला लावून. मग मी. मग सगळे. ज्यांना खारट आमटीचं काहीच माहीत नव्हतं ते पण. हे उठून मिठाचा पुडा शोधायला गेले आणि साखरेचा घेऊन आले.

जेवणं झाल्यावर जाऊबाईंनीच म्हटलं, माझी नक्कल कर. मी केली. भाजीवालीची जुडी उलटी-पालटी करून बघायची त्यांची जी तऱ्हा आहे त्यात हाताची बोटं नाचवावी लागतात. पूर्वीसारखी नाचली नाहीत. त्या म्हणाल्या, "हे नाही जमलं, माझी बोटं एवढी सावकाश चालत नाहीत," आणि स्वतः करून दाखवलं. त्यांनी स्वतःची केलेली नक्कल माझ्यापेक्षा चांगली होती.

सगळं एकदम बदललं असं नाही. गिऱ्हाइकं अजून जपून बोलतात. ती वर-खाली बाह्यांची बाई भेटली, तिला म्हटलं ब्लाउज परत घेऊन या, मी नीट करून देते. आणला नाही अजून. हे पण कमीच बोलतात. पण परवा सकाळी न्हाणीबाहेरून आवाज आला, "पिळायचं काय असंल तर दे इकडं." दार लोटून टॉवेल दिला. त्यांनी पिळून दोरीवर टाकला आणि दुकानाला गेले.

परभणीच्या दादांना सांगायचं राहिलं. गुरुवारची मळमळ डॉक्टरांना सांगितली, त्यांनी औषधात बदल करून दिलाय, बघते. गुरुवारचा स्वयंपाक आता हे आणि पोरगं मिळून करतात. पिठलं-भात. दर गुरुवारी.

गोदाकाठ दादा, तुमचा भुंगा पोराला वाचून दाखवला. तो विचारतोय, रात्री झोपेत पण वाजतो का?

---

गोदाकाठ_नांदेड

वाजतो. सगळं सामसूम झालं की जास्तच ऐकू येतो. त्या कुशीवर झोपायचं नसतं, हात दाबला जातो, म्हणून मी उजव्या कुशीला. नांदेडला आलात तर पोराला घेऊन या, ऐकवतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून.